वेचणीचा दर आणि आपला रोज

कापूस फुटला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी एकच प्रश्न असतो, "यंदा किलोमागे काय देता?" आज त्या मजुरीबद्दलच बोलू.

आधी सरकारी दर पाहू. 2024-25 साली रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये होते. पैनगंगेपलीकडे तेलंगणात 300, मध्य प्रदेशात 243, तर हरियाणात 374. काम तेच, कुदळ-फावडं तेच, मग फरक का? केंद्र सरकार शेतमजुरांची महागाई पाहून जुन्याच दरात वाढ करतं. जिथे दर आधीपासून कमी, तिथे तो वाढूनही मागेच राहतो.

वेचणीची मजुरी मात्र किलोवर असते. समजा, दर आठ रुपये आहे. पहिल्या वेच्याला झाड भरलेलं असतं. बाई चाळीस किलो वेचते, 320 रुपये पडतात. शेवटच्या वेच्याला दिवसभर वाकूनही वीसच किलो भरतात, हाती येतात 160. दर तोच, पण रोज अर्धा.

दुसरी बाजूही आपल्याच घरातली आहे. गटातल्या कितीतरी जणी स्वतःच्या दोन-चार एकरांत मजूर लावतात. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. आठ रुपयांनी वेचणीच 800 रुपये होते. कापसाचा भाव पडला की शेतकरी हात आखडता घेतो. मग मजुराच्या घरी किराणा कमी येतो, दुकानदाराची उधारी वाढते आणि गटाचा हप्ताही थकतो.

म्हणून आम्ही गटांना दोन गोष्टी सांगतो. हंगामाआधी शेतकरी आणि मजूर बायांनी एकत्र बसून प्रत्येक वेच्याचा दर वेगळा ठरवावा. शेवटचा वेचा किलोवर नको, रोजानेच करावा.

दुसरं, कापूस संपायच्या आधीच ग्रामपंचायतीत नमुना 4 भरून कामाची मागणी करावी. तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय उठू नये. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा हक्क आहे. पोच नसेल, तर तो मागणार कशावर?

गावात हमीचं काम सुरू असलं की 160 रुपयांत आपल्याला कोण बोलावील? येत्या बैठकीत हप्त्यासोबत हा विषयही घ्या.