वारसा रक्ताचा कीं वचनाचा?



आमच्या पिंपळनेरच्या बाजूस, पांझरेच्या कांठीं, जमीन थोडी आणि वांटेकरी फार. घरांतला कर्ता पुरुष गेला कीं थोड्याच दिवसांत तलाठ्याकडे वारसाची नोंद करण्याची धांदल सुरू होते. गांवचा मास्तर म्हणून असले पुष्कळ अर्ज मीं लिहून दिले आहेत. त्यांत एक प्रश्न ठरलेला असे: मयताशीं नातें काय? आज ज्या वारशाविषयीं मी बोलणार आहें, त्यांत हा प्रश्न निराळ्याच रीतीनें सुटतो.

माझ्या आजोबांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां सामाईक शेतांतला आपला वांटा त्यांनीं सोडून दिला. जुन्या हिंदु कायद्याप्रमाणें धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडत असे; परंतु १८५० सालच्या एकविसाव्या कायद्यानें ती अडचण दूर केली होती. तरीहि भावांशीं कज्जा नको म्हणून ते नेसत्या वस्त्रानिशीं बाहेर पडले. लहानपणीं मीं त्यांना विचारलें, “आबा, मग आपल्या वांट्याला काय आलें?” ते म्हणाले, “अब्राहामाचा वांटा आला.” मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हें कळावयास बरींच वर्षें लागलीं.

अब्राहाम हा यहूदी लोकांचा मूळ पुरुष. देश, कूळ आणि बापाचें घर सोडून निघ, अशी त्याला देवाची आज्ञा झाली. त्याला संतति होईल, देश मिळेल आणि पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्या द्वारें आशीर्वाद मिळेल, असें वचन देवानें दिलें. हाच तो पुरातन करार. आपण बायबलाच्या दोन भागांना ‘जुना करार’ व ‘नवा करार’ म्हणतों. ज्या ग्रीक शब्दासाठीं आपण ‘करार’ हा शब्द योजतों, त्याचा दुसरा अर्थ मृत्युपत्र असाहि होतो. तेव्हां वारशाची भाषा या धर्मांत मुळापासूनच आहे.

आतां प्रश्न असा कीं, खानदेशांतल्या शेतकऱ्याचा अब्राहामाशीं संबंध काय? पहिल्या शतकांत हाच वाद गलतिया प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांत, उठला होता. यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनीं सुंता करून नियमशास्त्र पत्करावें, तरच ते खरे वारस, असें कांहीं जण म्हणत. पौलानें त्यांना पत्र लिहून दिलेलें उत्तर वकिली थाटाचें आहे. करार एकदां कायम झाला म्हणजे मागाहून त्यांत कोणी फेरबदल करूं शकत नाहीं. मोशेचें नियमशास्त्र वचनानंतर चारशें तीस वर्षांनीं आलें. त्यानें वचन रद्द कसें होईल? रोमकरांस लिहितांना तो आणखी दाखवितो कीं, सुंता होण्यापूर्वींच अब्राहामाचा विश्वास देवानें मान्य केला होता. म्हणून जे ख्रिस्ताचे, ते अब्राहामाचें संतान आणि वचनाप्रमाणें वारस.

आपल्याकडे दत्तकाची चाल आहे. दत्तक पुत्राच्या अंगांत त्या घराण्याचें रक्त नसतें, तरी विधि झाला कीं तो पुरा वारस होतो. पौलानेंहि हाच दृष्टांत घेतला आहे. शिवाय यहूदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री असा भेद या वारशांत त्यानें ठेविला नाहीं. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळावयास साऱ्या देशभर २००५ साल उजाडावें लागलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वाक्याचें वजन कळतें.

महाराष्ट्रांत हा विचार जमिनीवर उतरलेला पाहावयाचा असेल, तर जालन्याकडे पाहावें. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा झाला. पुढें निजामाचे दिवाण सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर त्यांनीं जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची वसाहत केली. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींतलीं माणसें पुष्कळ होतीं. वसाहतीला नांव दिलें ‘बेथेल’. भावाच्या भयानें घर सोडून पळालेला याकोब जेथें दगड उशाशीं घेऊन निजला आणि अब्राहामाचें वचन ज्या ठिकाणीं त्याला पुन्हां मिळालें, तें स्थळ बेथेल. ज्यांच्या पूर्वजांना गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांना या नांवानें केवढा मान दिला!

मात्र येथें एक सावधगिरी हवी. अब्राहामाचे रक्ताचे वंशजहि मराठी बोलत आले आहेत. आजच्या रायगड जिल्ह्यांतले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आम्ही वारस झालों म्हणजे ते बेदखल झाले, असें मानणारे ख्रिस्ती पुष्कळ होऊन गेले व त्यापायीं यहूद्यांचा युरोपांत भयंकर छळ झाला. पौलाची शिकवण तशी नाहीं. तो म्हणतो, तुम्ही रानटी जैतुनाची फांदी. कलम होऊन चांगल्या झाडास लागलां. मुळाला तुम्ही आधार देत नाहीं, मूळ तुम्हांला देतें. देवाचें देणें माघारें घेतलें जात नाहीं.

आणि दुसरी गोष्ट आमच्याच घरची. मंडळींत अजूनहि सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात विचारली जाते. वचनानें वारस झालेला मनुष्य भावाचें रक्त तपासूं लागला, तर तो स्वतःच्याच हक्काचा दस्तऐवज फाडतो, असें मला वाटतें.

आबांनीं शेत सोडलें, पण भावांच्या दारीं सणावारीं जाणें सोडलें नाहीं. त्यांना मिळालेला वांटा असा होता कीं, तो दुसऱ्याला दिल्यानें कमी होत नसे.