मनावरचं ओझं आणि आपला गट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी मांडलेलं मनोगत, त्यांच्याच शब्दांत.)



मला आज ताणतणाव या विषयावर बोलायला सांगितलंय. मी काही डॉक्टर नाही. गेली नऊ वर्षं गटाची सचिव आहे, तेवढीच माझी शाळा. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

आमच्या गटात एक वहिनी आहे. तिला विचारूनच सांगतेय, पण नाव सांगणार नाही. तिचा हप्ता कधी चुकला नव्हता. गेल्या वर्षी पावसाळ्यात ती लागोपाठ तीन बैठकांना आली नाही. मी नियमानं प्रत्येक बैठकीचे दहा रुपये दंड लिहिला. चौथ्या बैठकीला ती आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "वहिनी, शेळ्यांसाठी कर्ज घेताना बरा वेळ होता, आता फेडायला नाही का?" ती काही बोलली नाही. तीस रुपये सतरंजीवर ठेवले आणि उठून गेली. मला वाटलं, आपण शिस्त राखली.

आठ दिवसांनी तिची सासू हापशावर भेटली. म्हणाली, "ताई, सून रातभर आढ्याकडं बघत पडून राहती. भाकरी थापता थापता मधीच थांबती. देवर्षाकडून दोरा आणला, फरक नाही."

त्या दिवशी आम्ही तिघीजणी तिच्या घरी गेलो. हप्त्याची वही नेली नाही. ओट्यावर बसलो, चहा झाला, आणि बऱ्याच वेळानं ती बोलती झाली. दोन्ही शेळ्या पावसात मेल्या होत्या. त्याआधीच घरात दुखणं निघालं म्हणून तिनं खाजगी फायनान्सचं कर्ज घेतलं होतं, त्याचा हप्ता दर आठवड्याला. नवऱ्याला सगळं माहीत नव्हतं. "लई इचार येतेत ताई, डोकं थांबतच नाही," म्हणाली. मी घाबरत घाबरतच विचारलं, "वहिनी, जीव नकोसा होतो का?" ती हमसून रडली आणि हो म्हणाली.

बायांनो, ती रडली तेव्हा मला माझा दंड आठवला.

म्हणून आधी हे समजून घेऊ की ताण म्हणजे काय. रानात साप दिसला की काय होतं? छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातपाय ताठ होतात. आपण उडी मारून बाजूला होतो. शरीरानं आपल्याला वाचवायला केलेली ही तयारी आहे. साप गेला की थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. एवढा ताण चांगलाच.

पण कर्ज, कोरडी विहीर, दारू पिणारा नवरा, लेकीचं लग्न, हे साप काही निघून जात नाहीत. मग शरीर महिनोन् महिने त्याच तयारीत राहतं. झोप येत नाही. डोकं, मान, पाठ दुखते. पित्त वाढतं, जेवण जात नाही. पाळी मागेपुढे होऊ शकते. लेकराला विनाकारण मार बसतो आणि मग आपल्यालाच वाईट वाटतं. सोपा हिशेब चुकतो. आपण म्हणतो अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावू. खरं तर दुखणं मनाचं असतं आणि ते अंगातून बोलत असतं. दशसूत्रीत आपण आरोग्य म्हणतो ना? आरोग्य म्हणजे नुसतं हिमोग्लोबिन नाही.

आणखी एक, मिसरीचं. डोकं जड झालं की आपल्यातल्या कितीतरी जणी मिसरी लावतात. घटकाभर बरं वाटतं, कारण त्यात तंबाखू आहे. पण तलफ लागली की चिडचिड परत वाढते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतो तो वेगळाच. तसंच, मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणायच्या नाहीत. त्या डॉक्टरनंच द्यायच्या.

आता खंबीरपणाचं बोलू. लहानपणापासून आपल्याला शिकवलं, बाईच्या जातीनं सोसावं, घरातलं बाहेर बोलू नये. जी गप्प राहून सोसते तिला आपण खंबीर म्हणतो. आमची वहिनी तर गटात सगळ्यांत खंबीर म्हणूनच ओळखली जायची. आता मला वाटतं, जी वेळेवर कुणाला तरी सांगते आणि परत उभी राहते, ती खंबीर.

मागच्या प्रशिक्षणात आम्हाला आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशाची गोष्ट सांगितली. तिथं मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारे शहरात गावकीतल्या आज्यांनाच शिकवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला. मन जड झालेली बाई यायची आणि आजीशेजारी बसायची. त्यांच्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. बघा, आमची वहिनी तेच म्हणाली होती, लई इचार येतेत! पुढं 573 जणांवर अभ्यास झाला. आज्यांकडून मदत मिळालेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी झालेला दिसला. तिथल्या बाया नंतर गोलात बसून पिशव्या विणतात आणि बोलतात. म्हणजे आपल्या गटासारखंच.

आजी काय करते? सल्ल्यांचा मारा करत नाही. आधी सगळं ऐकते. मग विचारते, या सगळ्या अडचणींतली एक कुठली निवडायची? आणि त्या एकीवर या आठवड्यात काय करता येईल?

आम्ही वहिनीसोबत तेच केलं. तिच्या चार काळज्या कागदावर लिहिल्या. त्यातली एक तिनं निवडली, गटाचा हप्ता. पुढच्या बैठकीत ठराव घेतला, इतिवृत्तात लिहिला, हप्ता लहान केला आणि मुदत वाढवली. नंतर तिनं नवऱ्याला फायनान्सचं सांगितलं, तेव्हा तिच्या म्हणण्यावरून आम्ही दोघी सोबत बसलो होतो. घरातला फवारणीच्या औषधाचा डबा तर त्याच दिवशी दुसरीकडं कुलपात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आशाताईंसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात. काही महिने गोळ्या चालल्या. वहिनी वेडी नव्हती, आजारी होती. फायनान्सचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण तिला झोप लागते, आणि मागच्या बैठकीत तिनं माझ्याच हिशेबातली चूक काढली.

रोज करता येतील अशा दोन-तीन गोष्टी सांगते. रात्री पाठ टेकली की चार मोजत नाकानं श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा, पाच मिनिटं. धडधड कमी होते. संध्याकाळनंतर चहा टाळा. आणि दिवसातून एकदा कुणाशी तरी कामाशिवाय बोला, मग ते धुण्यावर का होईना.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-जेवण गेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नुसता श्वास पुरत नाही. दवाखान्यात जायचं. टेली-मानसचा नंबर पाठ करा, 14416. दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर तिला "सहन कर, श्वास घे" असं सांगू नका. ते ताणाचं दुखणं नाही, तो तिच्यावरचा अन्याय आहे. महिला हेल्पलाइन 181, आणि जिवावर बेतलं तर 112.

कुणी "आता नको जगणं" म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. स्पष्ट विचारा. विचारल्यानं तिच्या डोक्यात तसलं काही घुसत नाही, उलट ओझं हलकं होतं. तिला एकटं सोडू नका, आणि औषधाचा डबा आधी हलवा.

आमच्या गटानं आता तीन नियम केलेत. पटले तर तुम्हीही तुमच्या गटात ठराव घ्या. पहिला, लागोपाठ दोन बैठका चुकल्या तर दंड लिहिण्याआधी दोघीजणी घरी जाऊन येणार, वही न नेता. दुसरा, बैठकीची पहिली दहा मिनिटं पैशांची नाहीत, ज्यांना बोलायचंय त्यांची. तिसरा, गटात बोललेलं गटातच राहणार. हा तिसरा मोडला तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही, कारण मग कुणीच बोलणार नाही.

परतफेड वेळेवर व्हायलाच पाहिजे, त्यात माझं मत बदललेलं नाही. गटाचा पैसा आपल्या सगळ्यांच्या घामाचा आहे. पण हप्ता थांबला की आधी बाई कशी आहे ते बघायचं. मी ते बघितलं नव्हतं. सासू हापशावर भेटली नसती तर काय झालं असतं, हे मनात आणायची आजही माझी हिंमत होत नाही.

वहिनीचे ते तीस रुपये गटानं ठराव करून परत दिले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "ताई, त्याचा बैठकीत चहा करा." तो चहा आम्ही सगळ्यांनी मिळून प्यायलो.