बिनतारी इअरफोन आणि आपलीं गुपितें

पहांटे मैदानावर धांवणाऱ्या तरुणांच्या कानांत हल्लीं दोन लहानशीं बोंडें दिसतात. त्यांना ना तार, ना दोरी. खिशांतील फोनवरचें गाणें तीं ऐकवितात, आणि मध्येंच घरून फोन आला तर धांवतां धांवतां उत्तरही देतां येतें. हे इअरफोन विकत घेतांना आपण पाहतों तो डबीवरचा 'आयपीएक्स ७' हा शिक्का. १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें राहिलें तरी यंत्र बिघडत नाहीं, असा त्याचा अर्थ. घामापाण्याची परीक्षा झाली. पण त्या यंत्रांतून जाणाऱ्या आपल्या बोलण्याची राखण कोण करतो, याविषयीं डबी मुकाट असते. आज त्याचाच थोडा विचार करूं.

फोन व इअरफोन यांचें संभाषण ब्ल्यूटूथ नांवाच्या बिनतारी पद्धतीनें चालतें. तिच्या लहरी आसपासच्या कोणालाही पकडतां येतात. म्हणून पहिल्या भेटींतच दोन्ही यंत्रें एक गुप्त किल्ली ठरवितात आणि पुढील बोलणें तिनें कुलुपबंद करतात. अडचण आहे ती या पहिल्या भेटींतच. इअरफोनला पडदा नाहीं. आंकडा दाखवून ओळख पटविण्याची सोय नाहीं. बटण दाबून धरलें, कीं समोर येईल त्याला बहुतेक इअरफोन मित्र मानतात.

किल्लीही नेहमीं बळकट असतेच असें नाहीं. २०१९ सालीं तीन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तिची लांबी ठरत असतांना मध्यें शिरून ती १६ बाइटांवरून १ बाइटावर आणतां येते. १ बाइट म्हणजे अवघ्या २५६ शक्यता. संगणकाला त्या तपासण्यास कितीसा वेळ लागणार?

जून २०२४ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें पॉवरबीट्स प्रो व बीट्स फिट प्रो या व्यायामाच्या इअरफोनांतील एक दोष दुरुस्त केला. ओळखीच्या फोनला साद घालणाऱ्या इअरफोनला जवळचें परकें यंत्र 'मीच तो' म्हणून फसवूं शकत होतें. जून २०२५ मध्यें जर्मनींतील संशोधकांनीं तैवानच्या एअरोहा कंपनीच्या चिपांतील दोष जाहीर केले. सोनी, बोस, जेबीएल यांच्याही कांहीं इअरफोनांत या चिपा होत्या. सुमारें १० मीटरांच्या आंतील परक्याला, ओळख न देतां, यंत्राची स्मृति वाचतां येई. तींतील किल्ली चोरून इअरफोनचें सोंग घेतलें, कीं फोन लावण्याचा हुकूमही त्याला देतां येई.

म्हणून इअरफोन फेंकून द्यावे असें मात्र नाहीं. अशा चोराला जवळ यावें लागतें आणि त्याला कसबही मोठें लागतें. दोष चांगल्या मालांतही निघतात. निघाल्यावर ते दुरुस्त होतात कीं नाहीं, ही खरी कसोटी. चिप बनविणारानें दुरुस्ती दिली, तरी इअरफोनच्या कारखानदारानें ती गिऱ्हाइकापर्यंत पोंचवावी लागते. तेव्हां दुकानदाराला किंमतीआधीं विचारा: या यंत्राला नवी दुरुस्ती मिळते काय, व ती किती वर्षें मिळेल? पहिली जोडणी गर्दींत न करतां घरीं करा. फोनच्या यादींतील अनोळखी व जुनीं नांवें पुसून टाका. अत्यंत खाजगी बोलणें असेल, तर तेवढ्यापुरता इअरफोन बाजूस ठेवा.

घामानें यंत्र बिघडलें तर तें तत्काळ कळतें. फुटलेलें गुपित कळावयास फार उशीर होतो.