शेवटल्या माणसाच्या चालीनें



डोंगरांतून पायीं हिंडण्याविषयीं कांहीं सांगावें, असें मला सुचविण्यांत आलें, तेव्हां पहिल्यानें मीं नकारच कळविला होता. कारण मी गिर्यारोहक नव्हे. दोर आणि खिळे घेऊन कडे चढणारी मंडळी निराळी; त्यांचें धाडस मीं खालून मान वर करून पाहिलेलें आहे. मी साधा शाळामास्तर. बहुतेक दर हिवाळ्यांत वर्गांतलीं मुलें घेऊन एखादा गड चढावयाचा, रात्रीं वर मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं उतरावयाचें, एवढाच माझा अनुभव. परंतु डोंगरांत जाणारे बहुतेक लोक माझ्यासारखेच असतात, असें मागाहून मनांत आलें, आणि म्हणून आज आपल्यापुढें बोलावयास बसलों आहें.

डोंगरावर जाण्याचे फायदे मी सांगणार नाहीं. ज्याला जावयाचें आहे तो जातोच; आणि ज्याला जावयाचें नाहीं, तो स्वच्छ हवेचें महत्त्व ऐकून अंथरुणांतून उठल्याचें मीं पाहिलेलें नाहीं. मला सांगावयाची आहे ती एका चुकीची हकीकत. चूक माझी आहे.

१९९१ सालचा डिसेंबर महिना. चौदा मुलें, मी आणि माझे एक सहशिक्षक असे सोळा जण हरिश्चंद्रगडावर निघालों होतों. ज्यांनीं हा गड पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. माळशेज घाटाच्या उत्तरेस, पुणें, ठाणें आणि तेव्हांचा अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांच्या सीमा जेथें जवळ येतात, तेथें हा प्रचंड डोंगर पसरलेला आहे. उंची सुमारें चौदाशें मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांहून अधिक. वर हरिश्चंद्रेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. जवळच केदारेश्वराची गुहा. तिच्यांत भलें मोठें शिवलिंग कमरभर थंडगार पाण्यांत उभें आहे, आणि भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच शाबूत राहिला आहे. पश्चिमेस कोंकणकडा. हा कडा अर्धवर्तुळाकार असून मध्यें असा आंत वळलेला आहे कीं, काठावर पालथें पडून पाहिलें तर खालचीं कोंकणांतलीं शेतें दिसतात. आपल्या पोटाखालचा कडा मात्र दिसत नाहीं.

गडावर पाचनईहून येणारी वाट जवळची. आम्हांला मात्र मोटारीच्या सोयीनें खिरेश्वराहून तोलारखिंडीवरून जाणारी लांबची वाट घ्यावी लागली. मोटारीचा वाटेंत खोळंबा झाला, आणि सकाळीं नऊला खिरेश्वरास पोंचावयाचे ते आम्ही दुपारीं एक वाजतां पोंचलों. डिसेंबरांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्र खिरेश्वरांतच काढून सकाळीं निघावें, हा साधा विचार होता. गांवांतल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तो बोलूनहि दाखविला. परंतु कोंकणकड्यावरच्या सूर्यास्ताचें वर्णन मीं मुलांपुढें महिनाभर केलें होतें. तो आजच दाखवावयाचा, असा हट्ट होता. मुलांचा नव्हे, माझा.

तोलारखिंडींत आलों तेव्हां तीन वाजत आले होते. तेथें दगडावर कोरलेलें वाघाचें एक जुनें शिल्प आहे. मुलें त्याच्याभोंवतीं जमलीं आणि हलेनात. मी हंसत हंसत म्हणालों, "आतां जो मागें राहील त्याला या वाघाच्या स्वाधीन करून आपण पुढें जाऊं." मुलें खदखदून हंसलीं. मीहि हंसलों आणि तें वाक्य विसरून गेलों.

खिंडीनंतर कातळाचा एक उभा चढ लागतो. पुढें तेथें लोखंडी कठडे बसविण्यांत आले; आम्ही मात्र हातापायांनीं चढलों. तो चढ कठीण, म्हणून तेथें सर्वांनींच जपून पावलें टाकलीं, आणि कांहींहि झालें नाहीं. माझा असा अनुभव आहे कीं, अवघड जागीं अपघात व्हावा त्यापेक्षां ती ओलांडून झाल्यावर, सोप्या जागीं, तो अधिक वेळां होतो. कातळ संपला कीं लांबच लांब पठार आहे. एकामागून एक टेकाडें चढावीं नि उतरावीं. प्रत्येक वेळीं वाटतें, या टेकाडापलीकडे देऊळ असेल, तें नसतें. माणसाहून उंच वाढलेली कारवी, आणि तिच्यांतून जागोजाग फुटलेल्या गुरांच्या वाटा.

या गुरांच्या वाटांनीं सह्याद्रींत जितके लोक चकविले आहेत, तितके भुतांनींहि चकविले नसतील. माणसाची वाट कोठें तरी जाण्यासाठीं असते. गुरांची वाट चरण्यासाठीं असते. शंभर पावलें ती चांगली मळलेली, रुंद, निःशंक चालते, आणि मग गवतांत नाहींशी होते. तोंवर मूळ वाट कोणत्या अंगास राहिली, हें सांगतां येत नाहीं.

माझे सहशिक्षक सर्वांच्या शेवटीं चालत होते. अशाच एका फांट्यावर मला संशय पडला, म्हणून मीं त्यांना पुढें बोलावून घेतलें. वाट सांपडली. उशीर झालेला, तेव्हां बोलत बोलत आम्ही दोघेहि पुढेंच चालूं लागलों. मागें कोणी मोठें माणूस उरलें नाहीं, हें दोघांच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

साडेपांचाला देवळापाशीं पोंचून मुलें मोजलीं. तेरा. पुन्हां मोजलीं. हजेरी घेणें हा माझा रोजचा धंदा. तरी तिसऱ्यांदा मोजलीं.

नव्हता तो मुलगा बारा वर्षांचा, अबोल, शेतकऱ्याच्या घरचा. पायानें तो इतरांहून सरस होता, म्हणून त्याची काळजी मला सर्वांत कमी होती. मुलें सहशिक्षकांच्या हवालीं करून मी निघालों. देवळापाशीं पाचनईकडचा एक गुराखी होता. तो कांहीं न विचारतां खांद्यावर घोंगडी टाकून माझ्याबरोबर आला. अंधार पडत होता. मी दर पन्नास पावलांवर मुलाच्या नांवानें ओरडत होतों, आणि ओरडत ओरडतच धांवत होतों. तिसऱ्या टेकाडावर त्या गुराख्यानें माझा दंड धरून मला खालीं बसविलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी हाळी देता आन् लगीच चालाया लागता. पोरानं ओ दिली तर आयकायची कुनी?"

मग त्यानें स्वतः एक लांब हाळी दिली आणि तो स्वस्थ बसून राहिला. मलाहि बसवून ठेवलें. वाळलेल्या कारवींतून वारा जात होता, त्याखेरीज कांहीं ऐकूं येत नव्हतें. असें आम्ही टेकाडावरून टेकाडावर जात राहिलों. पांचव्या टेकाडावर उजव्या हाताला, बऱ्याच खालून, बारीक ओ आली.

वाटेपासून फर्लांगभर आंत, एका गुरांच्या वाटेवर, दगडाच्या आडोशाला तो गुडघे पोटाशीं घेऊन बसला होता. अंगांत नुसता सदरा. पांघरूण दुसऱ्या मुलाच्या वळकटींत. त्याच्यापुढें शें-दीडशें पावलांवर जमीन संपत होती.

तो म्हणाला, "चपलेचा अंगठा तुटला, तो बांधायला बसलों. मग तुम्ही दिसेनात. वाट चुकली असं वाटल्यावर जागचा हाललों नाहीं. चुकलेलं वासरू हिंडत राहतं म्हणून सांपडत नाहीं, असं दादा म्हणतात." दादा म्हणजे त्याचे वडील.

मी म्हणालों, "अरे, पण अंगठा तुटला तेव्हांच हाक कां नाहीं मारलीस?"

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणालां होतांत ना गुरुजी, मागं राहील त्याला वाघाला देणार म्हणून. सगळीं हंसलीं असतीं मला."

"आणि मघांच्या माझ्या हाका?"

"ऐकल्या कीं. ओ पण दिली. पण तुम्ही थांबलां नाहीं."

गुराख्यानें घोंगडी त्याच्याभोंवतीं गुंडाळली आणि त्याला पाठीशीं घेतलें. कोंकणकड्यावरचा सूर्यास्त त्या दिवशीं आमच्यांपैकीं कोणीहि पाहिला नाहीं.

रात्रीं गुहेंत मुलें गाढ झोंपलीं. मला झोंप आली नाहीं. पुढें माझ्या सर्व सहलींत जे चार नियम मीं पाळले, ते त्या रात्रीं ठरलेले आहेत. पहिला असा कीं, सर्वांत हळू चालणाऱ्याला वाटाड्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ठेवावयाचें. तो दमला कीं सर्वांनीं थांबावयाचें. यानें तरण्या पोरांचा जीव वरखालीं होतो, तो होऊं द्यावा. शेवटीं एक जबाबदार मोठा माणूस, आणि त्यानें कोणत्याहि कारणास्तव आपली जागा सोडावयाची नाहीं. विचारावयाचें असेल तर पुढल्यानें मागें चालत जाऊन त्याला विचारावें. प्रत्येकाला एक आंकडा द्यावा, आणि खिंड, फांटा, ओढा ओलांडला कीं ज्यानें त्यानें आपला आंकडा मोठ्यानें म्हणावा. दुसऱ्यानें मोजण्यापेक्षां हें बरें. मोजणारा घाईंत असला म्हणजे त्याला सर्वच मुलें दिसतात.

वेळेचा हिशेब आगाऊ मांडावा. नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉच गिर्यारोहकानें १८९२ सालीं त्यासाठीं एक सोपा आडाखा सांगितला, तो आजहि उपयोगी पडतो. दर तीन मैलांस एक तास, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढास एक तास. म्हणजे पांच मैलांची वाट आणि दोन हजार फूट चढ असेल, तर दोन तास चाळीस मिनिटें. परंतु हा हिशेब न थांबतां चालणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाचा आहे. मुलें, वडीलधारीं माणसें, ओझें, ऊन हीं धरलीं म्हणजे मी तो सरळ दुप्पट करतों. इतकें करून मुक्कामीं पोंचण्याची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधीं येत नसेल, तर त्या दिवशीं निघूंच नये. खिरेश्वरांत मीं हें गणित केलें असतें, तर त्याचें उत्तर त्या वृद्ध गृहस्थांच्या उत्तराहून निराळें आलें नसतें.

प्रत्येकाजवळ एक शिट्टी असावी; वाटाड्याजवळच नव्हे, प्रत्येकाजवळ. डोंगरांतल्या संकटाची एक खूण पुष्कळ देशांत मान्य झालेली आहे: एका मिनिटांत सहा वेळां शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावें, पुन्हां सहा वेळां वाजवावी. ज्याला ती ऐकूं येईल त्यानें मिनिटांत तीन वेळां वाजवून उत्तर द्यावें. मधलें तें एक मिनिट कशासाठीं, हें पुस्तकांत वाचलें तेव्हां मला तो गुराखी आठवला. त्यानें तें पुस्तक वाचलेलें नव्हतें. अलीकडे मुलें म्हणतात, भ्रमणध्वनी आहे, आतां शिट्टी कशाला? भ्रमणध्वनी अवश्य न्यावा, ११२ हा संकटकाळचा क्रमांकहि पाठ असावा. परंतु खोल घळींत आणि कड्यांच्या पोटांत हें यंत्र बहुधा मुकें होतें, आणि थंडींत त्याची विजेची शिदोरीहि लवकर सरते. शिट्टीचें तसें नाहीं.

पावसाळ्याविषयीं थोडकेंच बोलतों, कारण पावसाळ्यांत मुलें घेऊन मी ओढ्याकांठीं कधीं गेलों नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या परिसरांतील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. एकमेकांना धरून तीं माणसें प्रवाहाच्या मध्यावर उभीं होतीं, तें दृश्य अनेकांनीं पाहिलें असेल. वर डोंगरांत पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर ऊन असतांनाहि ओढा फुगतो. पाणी गढूळ होऊं लागलें, त्यांत काटक्या नि पाचोळा वाहून येऊं लागला, त्याचा आवाज जड झाला, कीं सामान तेथेंच टाकून वर सरकावें. पण मुलें नि म्हातारीं माणसें इतक्या चपळाईनें सरकूं शकत नाहींत. म्हणून तीं बरोबर असतांना प्रवाहांत उतरावयाचेंच नाहीं. येथेंहि हिशेब धरावयाचा तो शेवटल्याच माणसाचा.

पाण्याबद्दल, जोड्यांबद्दल, आग्या मोहोळाखालीं चूल न पेटविण्याबद्दल सांगण्यासारखें पुष्कळ आहे. पण वेळ संपत आला. तेव्हां फक्त जोड्यांबद्दल. त्या सहलीनंतर मीं असा प्रघात ठेवला कीं, निघण्याच्या आदल्या दिवशीं सर्व मुलांचीं पायताणें शाळेच्या ओट्यावर ओळीनें मांडावयाचीं, आणि एकेक हातांत घेऊन, वाकवून, ओढून पाहावयाचें. सहकारी मला हंसत. त्यांना मीं कारण सांगितलें नव्हतें, तें येथें सांगतों.

परत आल्यावर त्याच संध्याकाळीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों. झालेली हकीकत त्यानें सांगण्याआधीं मीं सांगावी, असें मला वाटलें. वडील रानांत होते. आईनें मला घोंगडी अंथरून बसविलें, आणि उभ्याउभ्याच सर्व ऐकून घेतलें. वाघाबद्दल मी काय बोललों होतों, तेंहि मीं सांगितलें. मला वाटत होतें, ही बाई आतां मला बोलेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग आंत जाऊन ती चप्पल घेऊन आली, माझ्यापुढें धरली, आणि खालच्या आवाजांत म्हणाली, "अंगठा आधींच तुटला होता, गुरुजी. जायच्या आदल्या रातीं मींच तारेनं बांधून दिला. म्हटलं, दोन दिवस निघतील."