पृथ्वीचा घेर

घेर मोजावयाचा तर वस्तूभोवती दोरी गुंडाळावी, ही घरोघरची रीत. पृथ्वीभोवती दोरी कोण गुंडाळणार? तथापि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या विख्यात ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस याने नगर न सोडता हा घेर काढला. पृथ्वी गोल आहे याविषयी ग्रीक पंडितांना शंका उरली नव्हती. ग्रहणात चंद्रावर पडणारी तिची छाया वर्तुळाकार असते, हे अॅरिस्टॉटलने आधीच सांगून ठेवले होते.

नाईलकाठी दक्षिणेस सायीनी, म्हणजे आजचे अस्वान, हे गाव होते. आपल्या उज्जैनीप्रमाणेच कर्कवृत्ताच्या निकट. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर मध्यान्ही तेथे उभ्या काठीला सावली पडत नसे. त्याच क्षणी अलेक्झांड्रियात मात्र वाटीसारख्या छायायंत्रातील शंकूची सावली पडे, आणि ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे ७ अंश १२ कला, भरे. सूर्य इतका दूर की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. तेव्हा सावल्यांतील हा फरक पृथ्वीच्या वक्रतेचाच असला पाहिजे. मग दोन गावांमधील अंतर हा पृथ्वीच्या घेराचा पन्नासावा हिस्सा ठरतो. ते अंतर ५,००० स्टेडिया मानले होते; घेर झाला २,५०,००० स्टेडिया. पुढे एका अंशास नेमके ७०० पडावेत म्हणून तो २,५२,००० धरला गेला.

भूमिती एवढीच, आणि ती निर्दोष आहे. अडचण जमिनीवरची. आकाशातला कोन वाटीत मावतो. अंतर मात्र कोणीतरी पायांनी तुडवावे लागते, आणि ५,००० हा आकडा फारच गोल आहे. शिवाय सायीनी अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेस नसून सुमारे तीन अंश पूर्वेकडे आहे. स्टेडियमची लांबी १५७ मीटर धरली तर घेर ३९,६०० किलोमीटरच्या आसपास येतो, १८५ धरली तर ४६,६०० च्या. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. पहिले माप निवडून एराटोस्थेनीसचे गोडवे गाणारे दुसऱ्याविषयी सहसा मौन पाळतात.

पुढच्या काळात पोसिडोनियसने सूर्याऐवजी आपला अगस्त्य तारा घेतला. ऱ्होड्झ बेटावरून तो क्षितिजाला जेमतेम स्पर्श करी. अलेक्झांड्रियात वर्तुळाचा अठ्ठेचाळिसावा भाग वर चढे. युक्ती तीच, परंतु मध्ये समुद्र. अंतर खलाशांच्या अदमासावर. हिशेब २,४०,००० चा झाला, तर स्ट्रॅबोने त्याच्या नावावर १,८०,००० हा आकडा नोंदला. दुर्दैवाने दुसऱ्या शतकात टॉलेमीने हाच लहान आकडा स्वीकारला, आणि पंधराव्या शतकात त्याचा भूगोलग्रंथ लॅटिनमधून युरोपभर पसरला.

कोलंबसाची पृथ्वी तर याहूनही लहान होती. पश्चिमेकडून आशिया गाठण्याचा बेत त्याने मांडला, तेव्हा स्पेनच्या दरबारी नेमलेल्या पंडितांनी हरकत घेतली, ती पृथ्वी सपाट आहे म्हणून नव्हे, तर अंतर त्याच्या हिशेबाहून फार मोठे आहे म्हणून. हरकत रास्त होती. १४९२ साली वाटेत अनपेक्षित भूमी लागली म्हणून त्याची माणसे वाचली. आशिया अद्याप हजारो मैल दूर होता.