चापिंगोचे मास्तर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा असं समितीनं विचारलं, तेव्हा दोघे-तिघे म्हणाले, "सर, राजगडावर बोला." पण राजगड-तोरण्यावर बोलणारे आपल्या भोर-वेल्ह्यात घरटी एक आहेत! म्हणून मी फार लांबच्या एका गावाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव चापिंगो, देश मेक्सिको, भाषा स्पॅनिश. तिथं वर्ध्याचा एक मराठी माणूस शेती शिकवत होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

गदर चळवळीतले खानखोजे काही जणांना माहीत असतील. लोकमान्यांच्या प्रेरणेनं विशीत घर सोडलं, जपानमार्गे अमेरिका गाठली, तिथं शेतीचं आणि लष्करी शिक्षण घेतलं, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. हा सगळा थरार वीणा गवाणकर यांच्या 'नाही चिरा, नाही पणती' या चरित्रात आहे, जरूर वाचा. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या साध्या दिवसांवर. पराक्रमाचे दिवस कोणाच्याही आयुष्यात मोजके. बाकीच्या दिवशी क्रांतिकारकालाही भाजी आणावीच लागते.

१९२४ साली ते मेक्सिकोत पोचले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, त्यामुळे मायदेशाचा रस्ता बंद. अमेरिकेत असताना जोडलेली मेक्सिकन मैत्री कामी आली आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. त्यानंतर भारतात पाऊल पडलं ते १९४९ साली. मधली वर्षं मोजा. पंचवीस! आपल्या संस्थेचं आज जेवढं वय आहे, तेवढा काळ. या पंचवीस वर्षांत आपल्याकडे किती बारशी झाली, किती मुलं शिकून बाहेर गेली, कोण कोण आपल्यातून गेलं, ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो काळ केवढा होता ते कळेल.

आता तो प्रदेश कसा? नकाशावर बोट ठेवा. भोर अठरा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर, मेक्सिको शहर एकोणीसच्या जरा वर. म्हणजे सूर्य जवळजवळ तोच. पाऊसही जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, आपल्यासारखाच. फरक उंचीचा. आपला तोरणा चौदाशे मीटर. चापिंगोची सपाट शेतं सुमारे साडेबावीसशे मीटरवर! त्यामुळे उन्हाळा सोसतो आणि थंडी कडक पडते. विद्यालय मेक्सिको शहरापासून फार लांब नाही, टेस्कोको गावाला लागून. आधी तिथं एका बड्या जमीनदाराची हवेली होती. क्रांतीनंतर ती शाळेला मिळाली. हवेलीच्या जुन्या प्रार्थनामंदिरात दिएगो रिव्हेरा हा मोठा चित्रकार भिंती रंगवत होता, त्याच काळात खानखोजे शेजारच्या वर्गात शिकवत होते. पुढे दोघांची मैत्री झाली. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराचं 'आमची भाकरी' नावाचं चित्र आहे, त्यात खानखोजे दिसतात.

भाकरी म्हटलं की माझ्यातला शेतीमास्तर जागा होतो, तेव्हा इथं जरा रेंगाळतो.

तिकडची रोजची भाकरी मक्याची. त्याला तोर्तिया म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटायचा, गोळा दोन्ही हातांवर थापून तव्यावर टाकायचा. पाटा तीन पायांचा असतो, एवढाच फरक. बायाबापड्यांचा पहाटेचा थापण्याचा आवाज तोच. आणि तो चुना उगाच नसतो बरं का! मक्यातलं एक जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही. दुसऱ्या देशांनी मका नेला, चुना नेला नाही, तिथं मक्यावर जगणाऱ्या गरिबांना त्वचेचा वाईट आजार झाला. शिकलेल्यांना त्याचं कारण सापडायला फार काळ जावा लागला. त्या आजीबाईंना ते हजारो वर्षांपूर्वी सापडलं होतं.

सोबत घेवड्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा. मिरची मूळची तिकडचीच. टोमॅटोही तिकडचा, चिकूही, सीताफळ-पेरूही त्याच खंडातले. आपल्या बांधावरचं घायपात तिकडचं, फड्या निवडुंग तिकडचा. निवडुंगाचे काटे काढून ते त्याची भाजी करतात. आपण मात्र त्याचं कुंपण केलं. दसऱ्याचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. आपली दिवाळी असते त्या सुमारास, १ आणि २ नोव्हेंबरला, ते लोक घरातल्या गेलेल्या माणसांसाठी झेंडूची आरास मांडतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. सर्वपित्रीच म्हणा ना. फक्त उदास नसते.

संध्याकाळ कशी जाते? दुपारचं जेवण तिकडं दोन-तीन वाजता, तेच मुख्य. जेवल्यावर ताटावरून लगेच उठायचं नसतं, गप्पा मारत बसायचं. त्या बसण्याला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा. मराठीत असा एक शब्द नाही, पण आपल्या जिन्यात रात्री साडेनऊला जे चालतं ते तेच. वामकुक्षीबद्दल तर आपण पुणे जिल्ह्यातल्या माणसांनी त्यांच्याकडून काही शिकायचं शिल्लक नाही! उन्हं उतरली की गावचौकात फेऱ्या मारायच्या, बाकावर बसायचं. आणि आठवड्याचा बाजार. भोरच्या बाजारातला माणूस तिथं उतरवला तर भाषा सोडून काही अडणार नाही. भाजीचे वाटे, गुळाच्या ढेपा, जमिनीवर पसरलेलं पटकूर, सगळं ओळखीचं.

खानखोजे मात्र विद्यालयाबाहेरचा वेळ फक्त चौकात घालवणारे नव्हते. क्रांतीनंतर शेतकऱ्यांना जमिनी मिळाल्या होत्या, पण ज्ञान विद्यालयाच्या फाटकाच्या आत होतं. ते फाटकाबाहेर नेण्यासाठी त्यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस टेस्कोको भागातल्या खेड्यांत मुक्त कृषिशाळा काढल्या. शेतकऱ्यांनी काम सांभाळून यायचं, बियाणं कसं निवडायचं ते शिकायचं. तिना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीनं या कामाची छायाचित्रं काढली. तिनं टिपलेली खानखोजेंच्या मक्याची कणसं आजही पाहायला मिळतात. मक्याचा एक रानटी भाऊ आहे, तेओसिंते. त्याचं कणीस बोटाएवढं, दाणे मोजून पाच ते बारा, दगडासारखे. त्याचा आणि मक्याचा संकर करून खानखोजेंनी नव्या जाती काढल्या. परदेशी माणसानं मेक्सिकन शेतकऱ्याला मका शिकवायचा, म्हणजे वेल्ह्यात येऊन आवणी शिकवण्यासारखं आहे! ते जमलं, कारण हा माणूस आधी त्यांच्या शेतात उभा राहून शिकला होता. असं माझं मत आहे. वर्गात बसून कोणी परका मास्तर आपला होत नाही.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. वय पन्नाशीच्या घरात. दोन मुली झाल्या: सावित्री आणि माया. आई बेल्जियमची, शेजारपाजार स्पॅनिश बोलणारा, आणि मुलींची नावं मात्र आपल्या आळीत शोभावीत अशी. देश सुटला तरी काय सोडायचं नाही, हे माणूस कसं ठरवतो ते मला त्या दोन नावांत दिसतं. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं.

आज आपल्या इमारतींतल्या कितीतरी घरांची एक खोली रिकामी आहे. मुलगा जर्मनीत, सून कॅनडात. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, आणि आपण पहिला प्रश्न विचारतो, "जेवलास का?" कारण तिकडं त्याचा दिवस कसा जातो, याचं चित्र आपल्यापुढे नसतं. मग पुढच्या वेळी त्याला विचारा: बाजार कुठं भरतो? शेजारी कोण? संध्याकाळी कुठं बसतोस? मेक्सिकोत कोणी असेल तर घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे आहे, तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर त्याला झोपेतून उठवाल.

खानखोजे पुढे नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७च्या जानेवारीत तिथंच वारले. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोतून गव्हाचं अठरा हजार टन बियाणं भारतात आलं होतं. बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेला तो गहू. मेक्सिकन गव्हातूनच आपल्याकडे आलेले कल्याण सोना आणि सोनालिका इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. २०२२ साली चापिंगोत खानखोजेंचा पुतळा उभा राहिला. आपले लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला त्याच्या अनावरणाला गेले होते.

एक राहिलंच. राजगिराही अमेरिका खंडातला. मेक्सिकोत त्याच्या लाह्यांत मध किंवा गूळ घालून वड्या करतात. त्या वडीचं नाव आहे आलेग्रिया, म्हणजे आनंद. तशाच वड्या महिला मंडळानं आज केल्या आहेत, गूळ आपल्याच बाजारातला आहे. बाहेर टेबलावर ठेवल्यात. लहान मुलांना आधी घेऊ द्या.