एका छायाचित्राची हकीकत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणी तरी शिकलेल्या बाईंचे भाषण ठेवायचे अशी आपली रीत आहे. यंदा ज्या बाई यायच्या होत्या त्यांना लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक नाशिकला जावे लागले, आणि चिटणीसबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातले. मी सातवी पास. मंडळातले माझे काम म्हणजे हळदीकुंकवाचा हिशेब आणि दिवाळीतली चकलीची भाजणी. भाषण मी जन्मात केलेले नाही. मी नाही म्हणाले तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तो फोटो घेऊन घरोघर फिरता आहात ना महिनाभर? तेच सांगा." म्हणून सांगते.

फोटोची एक प्रत मी पुढच्या रांगेकडे देते आहे. एकेकीने बघून मागे द्या. चिवड्याचा हात मात्र आधी पुसा.

माझी मुलगी उल्हासनगरच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिला जुन्या काळच्या स्त्री-डॉक्टरांवर काही लिहून न्यायचे होते. रात्री मी भांडी आवरत होते आणि ती मोबाईलवर काही शोधत होती. एकदम म्हणाली, "आई, ही बघ कल्याणची." मी ओल्या हातानेच बघितले. तीन बायका, तीन देशांच्या वेशांत. एका कडेला साडीतली आपली आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेली जपानची केई ओकामी, आणि दुसऱ्या कडेला दमास्कसची साबात इस्लांबुली. तिघीही अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी, बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. फोटोची तारीख १० ऑक्टोबर १८८५. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडलीबाई यांच्याकडे त्या वेळी स्वागतसमारंभ होता. आज हे चित्र तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जपून ठेवले आहे. कॉलेजचे जुने कागद, मुलींची पत्रे, वर्गांचे फोटो असे पुष्कळ तिथे आहे. आनंदीबाईंनी प्रवेशासाठी स्वतःच्या हाताने लिहिलेले २८ जून १८८३ चे पत्रसुद्धा आहे. तेव्हा तिचे वय अठरा.

आनंदीबाईंचे नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेले असते. तिच्यावर कादंबरी आहे, २०१९ साली सिनेमाही आला, तो आपण काहीजणी मिळून बघून आलो होतो. पण सिनेमातली बाई ती नटी. हा खरा चेहरा, आणि तो बघताना माझ्या मनात आले की ही तर आपल्या शेजारची. अंबरनाथहून गाडीत बसले की उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. भाजी निवडून होईपर्यंत येते. उल्हासनगर हे नाव तेव्हा नव्हते, ते १९४९ चे. पण कल्याण होते, आणि कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ ला ही मुलगी जन्मली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे तिने तिथे स्वतः भोगले, आणि डॉक्टर व्हायचे ते मनात घेतले. आपल्यापैकी ज्यांचे मूल गेले आहे त्यांना ह्यावर अधिक सांगायला नको.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले की माझ्या पत्नीला शिकवायचे आहे. ते एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली असताना वाचले. गंमत बघा, आपण दवाखान्यात बसून जुनी मासिके चाळतो आणि घरी येऊन विसरतो. ही बाई विसरली नाही. तिने पत्र लिहिले, मग पत्रांवर पत्रे झाली, आणि पुढे आनंदीबाई तिच्याच घरी उतरली. तिला ती मावशी म्हणत असे.

जायच्या आधी २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केले. मी का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, अशा लोकांच्या प्रश्नांना तिने एकेक करून उत्तर दिले. तिचे वय अठराही पुरे नव्हते. आणि मी इथे तुम्हा ओळखीच्या बायकांपुढे चाळिशी ओलांडून उभी आहे आणि पाय लटपटताहेत. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीने निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. नवरा बरोबर नव्हता.

आता गोपाळरावांविषयी. आमच्या घरी ह्यावर वाद झाला. आमचे हे म्हणाले, "त्या काळी असा नवरा मिळाला हे तिचे नशीब." मुलगी म्हणाली, "बाबा, तो मारायचा तिला." दोन्ही खरे आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण काढली आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मार, अंगावर पुस्तके फेकणे, सोडून जाईन अशी धमकी. तिने हे भांडण म्हणून लिहिले नाही, पण लिहिले खरे. ज्याने शिकवले त्याचा हात आणि ज्याने मारले त्याचा हात एकच होता. मला विचाराल तर शिकवल्याचे श्रेय त्यांना द्यावे, पण त्या श्रेयाखाली मार झाकू नये. परीक्षेचे पेपर तर तिनेच लिहिले ना.

फोटोत ती वीस वर्षांची आहे. ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र असा तिच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून तिची नेमणूक झाली. पण क्षयाने ती पोखरली गेली होती. मायदेशी आली ती आजारीच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीसही पुरी नव्हती. ह्या फोटोच्या दिवसापासून मोजा, साडेसोळा महिने. एकाही रोग्याला इथे तिचा हात लागला नाही. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावी आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. तिचा दगड तिथे आहे. कल्याणच्या मुलीचा.

बाकीच्या दोघींचे थोडक्यात सांगते. केई ओकामी १८८९ साली डॉक्टर झाली आणि टोकियोच्या इस्पितळात काम करू लागली. पुढे तिथे बादशहाची भेट झाली तेव्हा ही बाई आहे म्हणून त्यांनी तिला पुढे येऊ दिले नाही, आणि तिने ती नोकरीच सोडली. साबात १८९० ला डॉक्टर झाली आणि आपल्या देशी परत गेली. तिचे नाव कुणी साबात लिहितात, कुणी ताबात.

नावावरून आठवले. फोटोखाली इंग्रजीत नावे आहेत, ती मुलीने वाचून दाखवली. तिघींनाही डॉक्टर म्हटले आहे. पण फोटोच्या दिवशी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती, म्हणजे ही नावे नंतर घातली असणार. आणि आनंदीबाईंचे गाव काय लिहिले आहे? सेरानिसोर! असे गाव जगात नाही. ते श्रीरामपूर, इंग्रजीत सेरामपूर, जिथून ती निघाली. कुणी तरी अक्षर चुकीचे वाचले आणि तेच राहिले. कल्याणचे नाव तर कुठेच नाही.

ह्या चुकीवरून मला माझी गोष्ट आठवली, तीही सांगून टाकते.

मी बदलापुरात नदीच्या बाजूला सासरी आले. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी घरात छातीभर आले. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो म्हणून वाचलो. पाणी उतरल्यावर चिखलातून लग्नाचा अल्बम काढला. मी शहाणपणाने तो कडक उन्हात वाळवायला ठेवला. पाने एकमेकांना चिकटली आणि ओढल्यावर सगळ्यांची तोंडे निघून आली. कागदपत्रेही गेली, त्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. सातवीच्या दाखल्याचे काय लोणचे घालायचे?

पण गेल्या वर्षी मुलीने टुमणे लावले की आई, तू सतरा नंबरचा फॉर्म भर आणि दहावीला बस. त्याला दाखला लागतो. म्हणून मुरबाड तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या शाळेत गेले. हेडमास्तर तरुण होते, भले होते. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. लाल कापडी बांधणीचे, कोपरे कसरीने खाल्लेले. त्यात माझ्या गुरुजींच्या अक्षरात माझे नाव सापडले. जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचे कारण. तिथे लिहिले होते, "पुढील शिक्षणासाठी."

शाळाच सातवीपर्यंत, तेव्हा सगळ्यांच्याच नावापुढे तेच लिहीत. माझ्या वर्गातल्या अकरा मुलींपुढे तेच होते. हायस्कूल दोन कोसांवर, वाटेत ओढा, आई आजारी, पाठची तीन भावंडे. अकरा जणींतल्या दोघी हायस्कूलला गेल्या. मी त्या रकान्यावर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. हेडमास्तरांना वाटले काही चूक आहे, ते म्हणाले, "ताई, दुरुस्ती हवी का?" मी म्हटले, "नको, राहू द्या." फॉर्म भरला आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे. गणिताची भीती वाटते, पण ते असो.

आता मंडळाच्या ट्रंकेविषयी, कारण खरे काम तेच आहे. माळ्यावरची आपली ट्रंक मी आणि चिटणीसबाईंनी दसऱ्याच्या आधी उघडली. त्यात जुने फोटो शंभराच्या वर निघाले. कितीतरी भिंतीकडून ओलीने खराब झाले आहेत. मागे नावे नाहीत. मंडळाच्या पहिल्या वर्षीच्या फोटोत चौदा बायका आहेत, त्यांतल्या अकरांची ओळख पटली. तिघींची नाही. उल्हासनगरच्या आपल्या भाभींनीही त्यांच्या सासूबाईंचा एक फोटो आणला. सिंधमधून १९४८ साली निघताना साडीच्या घडीत घालून आणलेला, हैदराबादेतल्या शाळेचा. सासूबाई आता नाहीत. फोटोतली त्यांची सासू कोणती हेही भाभींना नक्की सांगता येत नाही. त्या नुसत्या बोट फिरवत राहिल्या.

मुलीने मला दप्तरखान्यात फोटो कसे जपतात ते वाचून दाखवले. त्यातले घरी जमेल तेवढे सांगते. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे, बॉलपेनने नको. त्याची रेघ पुढे उमटते आणि शाई पसरते. डावीकडून उजवीकडे नावे, गाव, साल आणि प्रसंग. नाव म्हणजे अमक्याची आई नव्हे, बाईचे स्वतःचे नाव, आणि माहेरचे ठाऊक असेल तर तेही. चिकटपट्टी कधी लावू नये. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नये, आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. फोटो भिजून एकमेकांना चिकटलेच तर ओढू नयेत, स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सोडवावेत आणि सावलीत सुकवावेत. हे मला २००५ साली माहीत असते तर माझा लग्नातला चेहरा तरी मला दिसला असता.

पहिल्या फोटोतल्या त्या तिघी कोण हे ओळखणाऱ्या आता एकच, आपल्या पहिल्या कार्यकारिणीतल्या काकू. वय शहाऐंशी. त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यापासून बघायला परवानगी दिली आहे. येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आपण त्यांच्या घरी बसणार आहोत. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनी ते पातळ सुती कापडात गुंडाळून आणावेत. काकूंना मोठ्याने सांगावे लागते, आणि त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो. पेन्सिली मी आणते.